या घरात कोणी वारलेलं नाही

४ फेब्रुवारी, देवपूर
आले बाई एकदाची स्वतःच्या घरात! दोन खोल्या, पुढे ओटा, मागे बोअर. सुयशची नोकरी जळगावला, तो शनिवारी येणार. बाकी दिवस मी आणि आमची सात वर्षांची मृणाली. घर विकणारे लीलाधरभाऊ साधा माणूस. स्लॅब गळत नाही, बोअर आटत नाही, हे साठेखतात लिहून दिलं. असोद्याच्या सासूबाईंनी आणखी एक ओळ घालायला लावली, की या घरात कोणी वारलेलं नाही. आपण बुद्धाची माणसं, भुतंखेतं कुठून काढलीत, म्हणून मी त्यांना चिडवलं. लीलाधरभाऊंनी मुकाट्याने सही केली.

११ फेब्रुवारी
शाळेतून आली की मृणाली खिडकीत बसून बोलत असते. म्हणते, ओट्यावर मुलगी आहे, आत घे म्हणते. मी पाहिलं, कोणी नव्हतं. पोरींचे खेळ, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
आज मीही ऐकलं. भर दुपारी, दाराबाहेरून, तापात बरळल्यासारखा बारीक आवाज, अहिराणीत, घरात घेऊन चल म्हणणारा : "माले घरमा लई चाल." दार उघडलं तर ओटा रिकामा.

१६ फेब्रुवारी
लीलाधरभाऊंना गाठलं. ओट्यावरचा आवाज सांगितला, तर ढसाढसा रडले. घर विकायला काढलेलं आणि त्यांची लेक कोकिळा अंथरुणाला खिळलेली. घरात मरण झालं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून शेवटच्या घटकेला तिला उचलून ओट्यावर निजवलं. आत न्या, आत न्या, करतच गेली पोर. म्हणाले, "ताई, मी खोटं लिहिलेलं नाही."
इतकी चीड आली मला. आणि घरी येऊन मीच रडत बसले.

१८ फेब्रुवारी
कडी वाजली. धावले. दार सताड उघडं — मृणाली पलंगावर, अंग भाजतंय. म्हणाली, तिला आत घेतलं. मग बोलेना. सुयश उद्या दुपारपर्यंत पोचेल.

१९ फेब्रुवारी
दवाखान्यात न्यायला उचललं, तर उंबऱ्याशी चौकट धरून किंचाळली —
"माले बाहेर नको काढू, माय."
आमच्यात अहिराणी कोणी बोलत नाही. मृणाली तर नाहीच.
आणि बाहेर, रिकाम्या ओट्यावरून —
"आई, मी मृणाली. मला आत घे ना."

हिला बाहेर ठेवलं तर माझी पोर आत येईल. कळतंय मला. पण ही गळ्याला मिठी मारून — एकदा बापानं बाहेर ठेवलंय हिला — मी कशी —
मृणाली, थांब गं राणी, आई आली, फक्त हिचे हात सोडवते —