तपासले, योग्य आढळले

गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप भाऊजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. (त्यातून माझा उजवा गुडघा वगळावा. तो सध्या वाकत नाही, कारण पुढे येईलच.)

तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाब किती आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, खरोखर माहिती हवी आहे. वरचा आकडा दीडशेच्या पुढे असेल तर हे पत्र दुपारच्या झोपेनंतर वाचावं. इकडे सगळं क्षेम आहे. सौ.ची दाढ काढून झाली, सूज उतरली, बोलणं पूर्ववत सुरू झालं. त्या दाढेच्या निमित्ताने मदतीला म्हणून ताई आठ दिवसांसाठी आली आणि महिना होऊन गेला तरी परतीचं नाव काढत नाही, याचा राग आला असेल तर तो माझ्यावर काढू नका. ताई मजेत आहे. फोनवर ती तुम्हाला सगळं ठीक आहे म्हणते ते बरंचसं खरं आहे. हे पत्र खरं तर तिनेच लिहायचं ठरलं होतं, पण तिचा उजवा हात मोकळा नाही, म्हणून मी बसलो.

तर भाऊजी, विषय कायद्याचा आहे. एखाद्या माणसाने स्वतःच्या जमिनीवर इतरांना दगडधोंड्यांतून पळणाऱ्या गाड्या चालवू दिल्या, एक पैसा न घेता, निव्वळ आनंदासाठी, आणि त्यातलं कुणी पडलं, तर जबाबदारी कुणाची? तुम्ही आत्ता चष्मा कपाळावर ढकललात हे मला इथून दिसतंय. मागच्या वर्षी हाच प्रश्न मी तुम्हाला पुढे 'समजा' लावून विचारला होता. आता 'समजा' काढून टाकला आहे.

पण आधी मला सगळं सांगू द्या. काकांनी माझ्या नावावर ठेवलेलं ते पाच एकर माळरान तुम्ही पाहिलेलं आहे. गवत धड उगवत नाही, नुसता उतार आणि दगड, आणि मधोमध जुन्या खाणीचा खोलगट भाग. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात की विकून मोकळे व्हा. मी होणारही होतो. पण आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला (भला माणूस, फक्त वेळ कधी पाळत नाही) त्या चार जाड टायरांच्या उघड्या गाड्या दुरुस्त करतो, घोड्यावर बसल्यासारखं बसून हँडल धरायचं, तसल्या. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर चालवून बघता येत नाही, म्हणून त्याने माझी जमीन मागितली. मी तीनदा नाही म्हणालो. चौथ्यांदा तो म्हणाला, नुसतं बसून तर बघा. गाडी हिरवी होती, तिला सगळे बेडूक म्हणतात. भाऊजी, मी चौतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात घालवली. सरळ वर, सरळ खाली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी आडवा गेलो, आणि तोही स्वतःच्या जमिनीवरून. उतरलो तेव्हा माझी टोपी कुठे गेली होती कुणास ठाऊक, आणि मी कुणालाही काहीही द्यायला तयार होतो. मी फाटकाची किल्ली दिली.

त्यानंतर दर रविवारी मैफल जमायला लागली. गॅरेजवाला, त्याची दोन गिऱ्हाइकं आणि दातांची डॉक्टर. (हीच ती, जिने सौ.ची दाढ काढली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. इथे माझा एक उपप्रश्न आहे. जमीनमालकाने फी घेतली तर जबाबदारी वाढते, असं तुम्ही लिहिलं होतं. मी फी घेतली नाही. पण बायकोची दाढ फुकटात निघाली, ही कायद्याने फी धरतात का?) मी स्वतः मात्र गाडीवर कमी आणि कामावर जास्त असायचो. शिट्टी, मोजपट्टी, वही. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी सकाळी उठून पेपरातल्या भविष्यापर्यंत सगळं वाचायचो आणि अकरा वाजले की आता काय, म्हणून खिडकीत उभा राहायचो. आता रविवारसाठी मी शुक्रवारपासून बूट पुसतो. सौ. म्हणते की लग्नाच्या वेळीही तुमचा हा उत्साह नव्हता. मी वाद घातला नाही, कारण तिची स्मरणशक्ती चांगली आहे.

तुमचं मागच्या वर्षीचं उत्तर मी लॅमिनेट करून घेतलं होतं, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे मी तुमचा सल्ला धुडकावला असं तुम्हाला वाटायला नको. तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पैसे घेऊ नका. ते झालं. प्रत्येकाकडून, मी स्वतःच्या जबाबदारीवर गाडी चालवतो, असं लिहून घ्या आणि खाली जवळच्या नातेवाइकाचीही सही घ्या, म्हणजे उद्या घरचे भांडायला येणार नाहीत. तेही केलं, मसुदा तुमचाच वापरला, एक शब्द बदलला नाही. आणि तिसरं, फाटकावर धोक्याची पाटी लावा.

इथे माझा घात झाला. पाटी लावायला मी विरोध केला नाही, पाटी लावली. पण भाऊजी, धोका हा शब्द माझ्या हातून लिहवेना. मी हातात ब्रश घेऊन अर्धा तास उभा होतो. आमच्या खात्यात एकच नियम होता, एक तर सील करा, नाहीतर सही करा. धोका आहे आणि तरी लोक आत जात आहेत, अशी लिफ्ट मी चौतीस वर्षांत चालू ठेवली नाही, ठेवली असती तर मला झोप लागली नसती. म्हणून मी दर रविवारी पहाटे सगळा मार्ग पायी फिरायचो, सैल दगड काढायचो, मातीच्या दोन्ही उंचवट्यांची उंची मोजायचो, आणि मग फाटकावरच्या पाटीवर जे लिहिण्याची माझ्या हाताला सवय आहे तेच लिहायचो. तपासले, योग्य आढळले. क्षमता, एका वेळी एक माणूस. खाली तारीख आणि माझी सही, शिक्क्यासकट. (शिक्का खात्यात परत करायला हवा होता हे मला मान्य आहे. तो विषय वेगळा.)

असे सव्वीस रविवार निर्विघ्न पार पडले. मग एक व्यक्ती आली. नाव तूर्त बाजूला ठेवू, तुम्हीच म्हणता की आधी मुद्दा, मग पक्षकार. ही व्यक्ती वयाने साठीच्या पुढची. पहिल्या रविवारी नुसती खुर्ची टाकून बसली आणि धूळ फार आहे म्हणाली. दुसऱ्या रविवारी खुर्ची पुढे घेतली. तिसऱ्या रविवारी मला बाजूला बोलावून विचारलं की ब्रेक हाताचा की पायाचा. मी फॉर्म पुढे केला, तो दुसऱ्या दिवशी नातेवाइकाच्या सहीसकट भरून परत आला. आणि मग भाऊजी, काय सांगू तुम्हाला. चौथ्या रविवारी पहिली फेरी जपून. दुसरी फेरी बरी. तिसऱ्या फेरीला ती व्यक्ती दोन्ही उंचवट्यांवरून अशी गेली की गॅरेजवाल्याच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. आणि वर हसत होती, मोठ्याने, सगळ्या माळभर ऐकू जाईल असं. ते हसणं मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. म्हणूनच वेळ संपल्याची शिट्टी वाजवायला मला उशीर झाला, हे मी कुठल्याही कोर्टात कबूल करीन.

चौथ्या फेरीत दुसऱ्या उंचवट्यावरून बेडूक उडालं. ते चारही चाकांवर नीट उतरलं, त्याला ओरखडासुद्धा नाही. ती व्यक्ती मात्र थोडी अलीकडेच उतरली होती, करवंदीच्या जाळीत. मी धावलो. धावता धावता खड्ड्यात पाय गेला आणि गुडघ्यावर आपटलो. (त्याच सकाळी मी वहीत त्या जागेपुढे 'खड्डा नाही' असं लिहिलं आहे.) लंगडत पोचलो तर ती व्यक्ती जाळीत बसून उजवं मनगट डाव्या हाताने धरून होती. मनगट मोडलं होतं, अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा रविवारीच, की मधल्या वारीही चालतं?"

इथपर्यंत निभावलं असतं. पण दवाखान्याचा खर्च त्या व्यक्तीच्या यजमानांच्या आरोग्य विम्यातून व्हायचा, आणि विमा कंपनीने अपघाताची जागा बघायला आपला तपासनीस पाठवला. भाऊजी, निवृत्तीनंतर मला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बिरादरीतला भेटला. त्याच्याकडेही मोजपट्टी होती. मी हरखून गेलो. त्याला सगळा मार्ग दाखवला, उंचवटे मोजून दाखवले, सगळ्या रविवारांची वही दाखवली, वर तिच्या झेरॉक्स प्रतीही दिल्या. सौ. मागून माझा सदरा ओढत होती, मला वाटलं धूळ झटकते आहे. त्याने फाटकावरच्या पाटीचे चार बाजूंनी फोटो काढले. मी सहीजवळ उभा राहून हसलोसुद्धा. मग त्याने शांतपणे सांगितलं की काका, तुम्ही नुसतं धोका आहे, आपापल्या जबाबदारीवर या, एवढं लिहिलं असतं तर ज्याचं त्याने बघितलं असतं. तुम्ही सहीशिक्क्यानिशी योग्य आहे म्हणालात, म्हणजे जबाबदारी तुम्ही मागून घेतलीत. तो गेल्यावर सौ. म्हणाली की तुम्ही त्याला आरोपपत्र स्वतःच्या हाताने लिहून दिलंत, वर चहा पाजलात. मी कपाळाला हात लावला.

तर परिस्थिती अशी आहे. कंपनी आता त्या यजमानांना एक कागद पाठवणार आहे. जमीनमालकावर दावा करायला त्यांची संमती आहे की नाही, एवढंच त्यावर विचारलेलं असेल. त्यांनी हो म्हटलं की माझं फाटक बंद. नुकसान भरून द्यायला जमीन विकावी लागेल, गॅरेजवाला बेडूक घेऊन दुसरीकडे जाईल, आणि मी पुन्हा अकरा वाजता खिडकीत उभा. हे मला सोसणार नाही, भाऊजी. मी तुमच्यापुढे कधी हात पसरला नाही, लग्नातला तो रुसवा सोडला तर. तुमचं शांत मत कळवा. ताई तुमची फार आठवण काढते. (रोज नाही, पण काढते.)

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. कागद तुमच्याकडे शनिवारपर्यंत पोचेल. होय, तुमच्याकडेच. विमा तुमचा, त्या व्यक्तीचे यजमान तुम्ही, आणि व्यक्ती ताई. रागावण्याआधी पाणी प्या. प्लास्टर अजून पाच आठवडे आहे, डॉक्टर म्हणाले हाड छान जुळतंय. आता माझी खरी विनंती. त्या कागदावर 'संमती नाही' यापुढे सही करून पाठवा. चांगल्या पेनाने.

आणखी ता. क. सही कशी करायची याचा नमुना हवा असेल तर माझ्याकडे आहे. ताईच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तुमचीच सही आहे, वळणासकट, खालच्या दोन टिंबांसकट. मी विचारलं, भाऊजी इथे कधी आले होते? तर म्हणाली, तुमच्या पस्तीस वर्षांच्या टपालावर, पोचपावत्यांवर आणि पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर तीच सही करत आली आहे, आजवर कुणी हरकत घेतली नाही. म्हणजे कायद्याने तुम्ही संमती दिलेली आहे, किंवा मग तुमच्या बायकोने खोटी सही केली आहे. यातलं काय कोर्टात सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही वकील आहात.

शेवटचा ता. क. पाटी मी आज बदलतो आहे. 'धोका आहे' असं लिहायचं ठरवून ब्रश उचलला, 'धो'पर्यंत पोचलो आहे. खालच्या ओळी माझ्या नाहीत. अक्षर वेडंवाकडं आहे कारण ते डाव्या हाताचं आहे.

*मी पडले नाही. गाडी थांबायच्या आधी उतरले, इतकंच. प्लास्टर निघालं की एक फेरी मारून मगच घरी येईन. तोवर कपाटात तिसऱ्या खणात तुमचे धुतलेले सदरे आहेत. करमत नसेल तर तुम्ही या. फॉर्म भरून ठेवला आहे, नातेवाईक म्हणून मी सही केली आहे. तुमच्या जागी तुमचीही केली आहे.*