बाकावरची मुनियम्मा

२ एप्रिल ९५, रविवार

परीक्षा संपली. फर्स्ट पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, निकाल लागेल तेव्हा लागेल. आज पार्कात बसून एकदाचं ठरवलं, मागची भिंत रंगवायची. मी, गायत्री, रफीक. आणखी चारपाच जण येतो म्हणालेत, किती टिकतात बघू. भिंतीची दशा म्हणजे सिनेमाची पोस्टरं एकावर एक, आणि खाली मुतारीचा वास. आम्ही मुली त्या कोपऱ्यात कधी जातच नाही.

गायत्रीचे आजोबा, राव अंकल, पार्कात फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना कच्चं चित्र दाखवलं. आपल्याच भागातली माणसं: पोस्टमन, फुलं विकणारी, क्रिकेट खेळणारी पोरं, मधोमध झाडाखाली रिकामा बाक, अगदी कडेला झाडू घेतलेली झाडूवाली. चष्मा वर सरकवून सगळं बघितलं. "गुड. नीट करा. परवानगीच्या कागदाचं मी बघतो."

अण्णांची अट: सहाच्या आत घरी. आईची अट: शिडीवर चढायचं तर सलवार घालून.

६ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस नुसतं खरवडणं. नखं गेली.

पार्क झाडणारी बाई आज उभी राहून बघत होती. "एनम्मा, असं सुकं खरवडून काय निघणार?" म्हणाली आणि बादलीभर पाणी भिंतीवर ओतलं. थोडा वेळ थांबायला लावलं. मग कागद केळ्याच्या सालीसारखे सुटायला लागले. तिचं नाव मुनियम्मा. लहानपणापासून बघते तिला, नाव आज कळलं. तेही विचारलं म्हणून.

तिच्या कन्नडात तेलुगू, माझ्या कन्नडात मराठी. छान जमतं.

९ एप्रिल, रविवार

भिंत पांढरी झाली! रफीकचे चिच्चा साइनबोर्ड रंगवतात, त्यांनी युक्ती सांगितली. दोरी निळीत बुडवायची, दोघांनी ताणून धरायची, मधे उचलून सोडायची. फट्. सरळ रेघ. अशा चौकटी पाडल्या. कागदावर जेवढ्या, भिंतीवर तेवढ्याच, फक्त मोठ्या. एकेक चौकट उतरवत जायचं.

गायत्रीच्या पोस्टमनला तीन पाय दिसतात. तिला सांगायचं कुणी?

१२ एप्रिल, बुधवार

आज मी मुनियम्माला भिंतीवर काढलं. वाकलेली, हातात झाडू, पदर खोचलेला. चांगलं आलं होतं. मी तिला मुद्दाम हाक मारून बोलावलं, बघा बघा, तुम्हीच आहात. ती जवळ येऊन बघत राहिली. मला वाटलं, आनंदाने.

मग म्हणाली, "पोरके बेडा." झाडू नको.

मी म्हटलं, "अक्का, तुमचं काम आहे ते. त्यात लाजायचं काय?"

"मी कुठे लाजते? झाडू घेतलेली सगळे रोजच बघतात. चित्रात पण तेच कशाला?" मग भिंतीवरच्या रिकाम्या बाकाकडे बोट केलं. "इथे काढ. बसलेली. पोटात पोरगी होती तेव्हापासून हे पार्क झाडते मी. एकदा बाकावर बसले नाही."

"कुणी नको म्हटलं होतं?"

"म्हणावं लागतं का?"

घरी येऊन जेवले नाही धड. मला वाटत होतं मी तिचा केवढा मान करतेय. तिला विचारलंच नव्हतं मी.

१३ एप्रिल, गुरुवार

भांडण. रफीक म्हणाला, मंजूर झालेलं चित्र बदललं तर सगळंच बंद पडेल. गायत्री आजोबांना ताता म्हणते. म्हणाली, "ताता चिडतील. तुला माहीत नाहीत ते." मी म्हटलं, मी पुसणार. तुम्ही नाही आलात तरी.

पुसलं. दहा मिनिटांनी रफीकने दुसरं फडकं घेतलं. गायत्री बाजूला बसून राहिली, पण घरी गेली नाही.

१५ एप्रिल, शनिवार

बसलेली बाई मनाने काढता येईना. खांदे कुठे, गुडघे कुठे, काही कळेना. मुनियम्माला म्हटलं, खरंच बसा ना एकदा, मी कागदावर काढून घेते. ती चारी बाजूंना बघून म्हणाली, आत्ता नको. दुपारी पार्कला कुलूप लावतात, तेव्हा आत ती आणि आम्हीच.

बसली. आधी नुसती कडेला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. मी उगाच पेन्सिल तासत वेळ काढला. हळूहळू मागे टेकली. मग चपला काढल्या आणि एक पाय वर घेऊन मांडी घातली. डोळे मिटले.

उठताना सांगितलं, हिरवी साडी काढ, आंब्याच्या काठाची. लेकीच्या लग्नात नेसले होते ती.

२० एप्रिल, गुरुवार

मुनियम्मा जवळजवळ झाली. बाक मधोमध होता, त्यामुळे तीच चित्राच्या मधोमध आलीय. आम्ही काही तसं ठरवलं नव्हतं.

सकाळी फिरणारे थांबून बघत होते. एक मामी म्हणाल्या, "कोण गं ही? कुणाची तरी सासू दिसते, चांगल्या घरची." मग ओळख पटली. मामी चालायला लागल्या.

राव अंकल आले. चष्मा वर सरकवून बघितलं. मग इंग्रजीत, अगदी शांतपणे: झाडू कुठे गेला?

मी सांगितलं, तिला नको होता.

"झाडू होता तेव्हा माझी काही हरकत नव्हती," म्हणाले.

दिवसभर हेच डोक्यात. झाडू होता तेव्हा हरकत नव्हती.

२२ एप्रिल, शनिवार

राव अंकल अण्णांच्या शिवणाच्या दुकानात गेले होते. अण्णांकडेच कपडे शिवून घेतात ते, त्यांचे सगळे सफारी अण्णांचेच. काय बोलणं झालं अण्णांनी सांगितलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "शैला, उद्यापासनं त्या भिंतीकडे जायचं नाही."

"का?"

"मोठ्या माणसांशी वाद घालून आपल्याला या गल्लीत राहायचंय का?"

आईने माझ्या पानात भात वाढला. मी मागितला नव्हता.

२३ एप्रिल, रविवार

गेले नाही. गा. मागच्या दाराने आली. तिलाही घरी तंबी. तिच्या तातांनी आवाज चढवला नाही म्हणे. फक्त म्हणाले, नातीने मला मान खाली घालायला लावली. रडत होती. रडता रडता म्हणाली, "तू येणार असलीस तर मी येणार."

मी जाणार. कसं, ते माहीत नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

काल अण्णांना सगळं सांगितलं. ते मशिनवर होते, पाय चालूच. झाडूचं, बाकाचं, कुलूप लावल्यावर बसली त्याचं, साडीचं. शेवटी पाय थांबले.

"ती बसली, तेव्हा काय म्हणाली?"

"काही नाही. डोळे मिटले."

परत मशिन सुरू. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी साडेसहाला चपला घालून दारात उभे. "चल, बघू तरी काय केलंय."

भिंतीसमोर मागे हात बांधून उभे राहिले. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"खांदा चुकलाय," म्हणाले.

"कुठे?"

"दोन्ही सारखे काढलेस तू. इतकी वर्षं एका हाताने झाडणाऱ्या बाईचे खांदे सारखे राहतील का? उजवा खाली हवा. स्वल्प. दोन बोटं." स्वतःची दोन बोटं धरून दाखवली, माप घेताना धरतात तशी. आणि दुकान उघडायला निघून गेले.

जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. मी तिथेच ब्रश उचलला. दोन बोटं खाली घेतला खांदा. आणि खरंच, त्याबरोबर ती मुनियम्मा झाली. आधी नुसती बाई होती.

२८ एप्रिल, शुक्रवार

पुसली.

सकाळी गेलो तर बाकावर कुणी नाही. नुसता पांढरा डाग, माणसाच्या आकाराचा. पोस्टमन आहे, फुलवाली आहे, पोरं आहेत. तेवढी ती नाही. रंगाचे थेंब भिंतीपासून मंडळाच्या खोलीपर्यंत गेलेले.

राव अंकलनी नाकारलंही नाही. "कमिटीचा निर्णय आहे. बाकीचं चित्र छान झालंय. तिथे एखादी फुलांची कुंडी काढा."

रफीकने काळ्या रंगाचा डबा उचलला, मंडळाच्या दारावर फेकायला. मी त्याचा हात धरला. तो ओरडला, तुला राग येत नाही? येतो. पण दार काळं केलं की उद्यापासून गल्लीभर बोलणं दाराचं होईल, तिचं नाही.

कुंडी काढणार नाही. मेले तरी.

२९ एप्रिल, शनिवार

मुनियम्मा म्हणते, "सुम्ने बिडु." सोडून दे. तिच्या मुकादमाच्या कानावर घालू, असं कुणीतरी तिला ऐकवलंय. दुसऱ्या वॉर्डात बदली झाली तर दोन बस बदलून जावं लागेल.

हा विचार मी केलाच नव्हता. आम्ही ब्रश ठेवून कॉलेजात जाऊ. तिला रोज इथेच यायचंय.

मग सरळ विचारलं, "अक्का, चित्र तुम्हाला हवंय की नको? नको असेल तर आम्ही हात लावणार नाही. आमच्यासाठी हो म्हणू नका."

ती पानं गोळा करत पलीकडे गेली.

गा., र. आणि मी बसून राहिलो. तिने नको म्हटलं तर खरंच सोडायचं, असं तिघांचं ठरलं. रफीकला जड गेलं. मलाही.

२ मे, मंगळवार

तिचं उत्तर आलं.

सकाळी आम्ही पोचलो तर ती भिंतीपाशीच. म्हणाली, काल लेकीला सांगितलं सगळं. लेक म्हणाली, मला बघायचंय. नवऱ्याला घेऊन येते म्हणाली, तुझं चित्र दाखवायला.

"तर काढ. आणि खाली नाव लिही. मोठ्ठं. म्हणजे ही दुसरीच कोणीतरी, असं कुणी म्हणायला नको."

"कन्नडात?"

"मग काय? मला वाचता येत नाही, पण बाकीच्यांना येतं ना."

आम्ही आमच्याकडून कागदही तयार केला. गायत्रीने इंग्रजीत अर्ज लिहिला, रफीकने कन्नडात. पार्कची भिंत मंडळाची नाही, पालिकेची आहे, हे चिच्चांनी सांगितलं. पार्कचं काम बघणाऱ्या इंजिनियरकडे नेऊन दिला. तेवीस सह्या. पहिली सही अण्णांची. सही करून म्हणाले, "सफारी दुसऱ्याकडे शिवायला टाकतील ते." आई आतून म्हणाली, "टाकू देत." आणि तिनेही केली.

इंजिनियर म्हणाले, गुरुवारी येऊन बघतो. तोवर काही करू नका.

बाहेर आल्यावर गा. म्हणाली, "करू नका म्हणाले."

मी म्हटलं, "बघणार काय? पांढरा डाग?"

३ मे, बुधवार

काल दुपारी आणि आज दिवसभर काम. आज तिला परत बसावं लागलं नाही, हाताला पाठ झालीय. खांदा पहिल्या फटक्यातच बरोबर.

गायत्री तातांसमोरून, पुढच्या दाराने आली. त्यांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, भिंतीकडे. त्यांनी पेपर वर धरला.

मला राव अंकलचा राग येतो, पण त्यांनीच मला पाचवीत अपूर्णांक शिकवले होते, फुकट, महिनाभर. दुष्ट माणूस असता तर सोपं झालं असतं.

४ मे, गुरुवार

इंजिनियर साडेदहाला आले. राव अंकल आणि मंडळाचे दोघे बरोबर. आम्ही सातजण भिंतीला पाठ लावून उभे. चेहरा, साडी, हात झालेले. नावाचं पहिलं अक्षर झालेलं, पुढची नुसती पेन्सिलीने.

त्यांनी सगळी भिंत बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मधे थांबले. "यारु इदु?" ही कोण?

राव अंकल बोलायला लागले. गा. पण. आणि मागून आवाज आला, "नानु." मी.

मुनियम्मा. पानांची टोपली खाली ठेवून पुढे आली. इंजिनियरांनी तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. "तू काढायला सांगितलंस?"

"हौदु." हो.

"कुणी शिकवलं नाही?"

"माझं तोंड आहे, मी सांगितलं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सगळे मंडळाच्या खोलीत गेले. दार लागलं. अर्धा तास झाला, कॉफी आत गेली, कप बाहेर आले, ते काही येईनात.

रफीक म्हणाला, थांबायचं की लिहायचं?

मी शिडीवर चढले. दुसरं अक्षर घेतलं. मुनियम्मा खाली उभी होती.

"परत पुसलं तर?"

"परत काढीन."

"जूनमध्ये कॉलेज आहे ना तुझं?"

"कॉलेज नऊला असतं. सहाला येईन."

"सरी, बरं," म्हणाली, टोपली उचलली आणि पलीकडच्या बाजूला झाडायला गेली.

घरी आले तोवर दार उघडलं नव्हतं. नाव पूर्ण झालंय.