वाऱ्याबद्दल एक तक्रार

२ जून, रविवार
सकाळी अभ्रे बदलताना पलंगाचं जहाज आठवलं. दुपारी आईचा डोळा लागला की मी आणि धाकटा भाऊ पलंगावर चढायचो. झाडूची डोलकाठी, चादरीचं शीड. बाबांची जुनी टोपी माझ्या डोक्यावर, कारण मोठी मी. तो पायथ्याशी बसून ताटाचं सुकाणू फिरवायचा. वाराही मीच, गाल फुगवून. वारा कुठूनही आला तरी पलंग पुढेच जायचा.

भावजय गेल्यापासून धाकटा फोनवर दोनच शब्द बोलतो. ठीक आहे. जेवलास का विचारलं, तरी ठीक आहे. म्हणून सुनेने आम्हाला हा जहाजांचा ऑनलाइन गेम लावून दिला. दर रविवारी चारला. तो त्याच्या घरी, मी माझ्या, कानांना हेडफोन, जहाज एकच. तिथे मात्र तो बोलतो. माझ्या नेतृत्वामुळे असावं.

९ जून, संध्याकाळ
प्रवास उत्तम. जहाजावर आमच्यासोबत एक दातांचे डॉक्टर असतात. कुठले, विचारलं नाही. जहाज चालवायला एकच बटण दाबून ठेवायचं. मी त्यावर पेपरवेट ठेवते आणि मटार सोलते.

आज धाकटा सांगत होता, बाहेर पडल्यावर भावजय अर्ध्या जिन्यातून परत वर जायची, गीझर बंद केला का बघायला. तो हसायचा तिला. आता तो स्वतःच परत वर जातो. गीझर लावलेलाही नसतो, म्हणाला.

तेवढ्यात माझं झेंड्याकडे लक्ष गेलं. वारा समोरून, आणि जहाज नाक वर करून थेट वाऱ्याच्या तोंडात. चौकोनी शिडाने असं जाताच येत नाही. मी तिथल्या तिथे दाखवून दिलं. धाकटा म्हणाला, हो का.

संकल्प: हे चालू द्यायचं नाही.

१२ जून
लायब्ररीतून शिडांवरचं पुस्तक आणलं. तिकोनी शीड असलं तर वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जाता येतं. गेममध्ये तिकोनी शीड औषधालाही नाही. सगळ्या जहाजांना तेच चौकोनी फडकं, रंग तेवढे वेगळे. तीन डोलकाठ्यांचं अवाढव्य जहाज मासेमारीच्या नावेइतकंच झटकन वळतं.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, तक्रार पूर्ण वाक्यात करावी आणि शेवटी थँक यू म्हणावं. तसं पत्र कंपनीला लिहिलं. जहाजांचे प्रकार वाढवा, शिडं खरी करा. हे म्हणाले, ती माणसं ओळखतात का तुला. म्हटलं, ओळखतील.

१६ जून
पत्र गेमच्या चर्चेच्या पानावरही टाकलं. भराभर लाइक्स. डॉक्टरांनी तर अंगठा दाखवला. धाकट्याला म्हटलं, जन्मभर इंजिनिअर तू, तुला ही खोटी शिडं सहन कशी होतात? म्हणाला, ताई, मी शिडाकडे बघतच नाही गं.

बिचारा. तडजोडीची सवय लागली आहे. माझी ही लढाई त्याच्यासाठीच आहे.

४ ऑगस्ट
कंपनीचं उत्तर. माझ्यासारख्या जाणकारांच्या सूचनांवरून नवा अपडेट येतो आहे. नवी जहाजं, खरी शिडं, खरा वारा. शिवाय प्रत्येकाला एक छोटी होडी फुकट. ह्यांना वाचून दाखवलं. अभिनंदन म्हणाले, आणि चहाचं काय ते विचारलं.

११ ऑगस्ट, ५.१०
खरा वारा आला.

बंदरातून निघालो ते मागे. धक्क्यावर आपटलो, पुन्हा निघालो, पुन्हा मागे. पेपरवेट निकामी. आता प्रत्येकाला दोर सांभाळावे लागतात. धाकटा पुढे, डॉक्टर मध्ये, सुकाणूवर मी. ओढ, सोड, डावीकडे. डॉक्टर विचारतात, तुमचं डावं की जहाजाचं? धाकटा मध्येच म्हणाला, ताई, काल कपाट उघडलं तर... मी म्हटलं, आधी दोर. मग तो शेवटपर्यंत नुसते दोर ओढत राहिला.

एकाग्रता वाढली आहे. चांगली सुरुवात.

१८ ऑगस्ट
घरी सराव. टेबल फॅनसमोर दुपट्टा ताणून वाऱ्याचे कोन पाहिले. ह्यांचा पेपर स्वयंपाकघरात गेला. म्हणाले, तुझं जहाज सोडून घरातलं सगळं हलतंय.

गेममध्ये आज बंदराच्या तोंडापर्यंत पोचलो. उलटे.

२५ ऑगस्ट
डॉक्टर रजेवर. म्हणाले, आठवडाभर लोकांना सांगत असतो, आ करा, जरा डावीकडे, हलू नका. रविवारीही तेच कशाला? शिस्त सगळ्यांना झेपत नाही.

धाकटा म्हणाला, पुढच्या रविवारी बघू, पाठ धरली आहे. खुर्चीत बसून दोर ओढताना पाठ कशी धरेल? तो घरी गुपचूप सराव करत असणार.

१ सप्टेंबर
साडेपाचपर्यंत वाट पाहिली. आला नाही. जहाज धक्क्याला घासत राहिलं.

फोन केला. ठीक आहे. जेवलास का? ठीक आहे. त्या दिवशी कपाटाचं काय सांगत होतास? काही नाही, ठीक आहे.

नेटवर्क खराब असावं. तरी कंपनीला लिहिलं, शिडं पूर्वीसारखी खोटी करता येतील का? पूर्ण वाक्यात लिहिलं. थँक यू दोनदा.

५ सप्टेंबर
कंपनीचं उत्तर. माझी पहिली सूचना या वर्षीची सर्वांत लोकप्रिय ठरली आहे. बदल कायम राहतील.

मटार सोलायला घेतले. हेडफोन कानाला लावूनच सोलले.

८ सप्टेंबर, रविवार
साडेतीनला पुन्हा फोन केला. शिडांचा विषय काढला नाही. विचारलं, गीझर बंद केलास का?

म्हणाला, आत्ताच अर्ध्या जिन्यातून परत जाऊन बघून आलो. आणि थोड्या वेळाने, ताई, ती फुकटची होडी आहे ना, तिला शीड आहे का गं? म्हटलं, नाही, नुसती वल्ही. म्हणाला, बरं. ठीक आहे असं नाही म्हणाला. बरं म्हणाला.

चारला दहा मिनिटं आहेत, म्हणून वाटणी लिहून ठेवते. हा राजीनामा नव्हे, फेररचना आहे. तीन डोलकाठ्यांचं जहाज डॉक्टरांना द्यावं, दोरांसकट, त्यांना हवे तेवढे पेशंट त्यावर भरू देत. तिकोनी शिडाची नाव सुनेला. शिडांचं पुस्तक लायब्ररीला परत, ते ह्यांनी उद्या फिरायला जाताना न्यावं. पेपरवेटही ह्यांना, फॅन लागला की लागेल. होडी कुणालाही द्यायची नाही.

कप्तानाची टोपी धाकट्याला. त्याने टोपी घालून पुढे बसायचं आणि कपाटात काय सापडलं ते पहिल्यापासून सांगायचं.

वल्ही दोन्ही मला.