बाह्यांत चूक नव्हती

आई,

आज गिऱ्हाईक बाईंनी कोट घालून बघितला. "अगदी मापात बसलाय," म्हणाल्या. तरी मी "परवा न्या" म्हणून ठेवून घेतला आणि त्या गेल्यावर दोन्ही बाह्या उसवल्या. बाह्यांत काही चूक नव्हती.

"वेंधळे, एक काम धड करशील तर शपथ," असं तू शिवण शिकवताना म्हणायचीस. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मशीनवर बसलं की तेच ऐकू येतं आणि मी शिवलेलं उसवायला घेते.

संध्याकाळी लेकीने तिची पहिली उशीची खोळ शिवून आणली. मी बघायच्या आतच तिने विचारलं, "आई, उसवू ना?"

तिला मी कधी एका शब्दाने बोलले नाही गं. तिने मला फक्त काम करताना बघितलंय.

खोळ तिरकी आहे. आज मी तिच्यावरच डोकं टेकणार आहे.

तुझी,
वेंधळी