नऊ साग हयात असल्याबद्दल

दिनांक : ३ नोव्हेंबर १९९९

प्रति,
मा. वृक्षपाहणी अधिकारी,
वृक्षपाहणी कक्ष, रत्नागिरी.

विषय : मौजे कातळकोंड येथील शाळेच्या आवारातील नऊ जिवंत साग मृत ठरवून तोडण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एकमेव उत्तर.

महोदय,

१. अर्जदार दमयंती यशवंत बने ही सदर शाळेची सेवानिवृत्त शिक्षिका आहे. तिच्या चौथीतल्या नऊ मुलांनी १९८१ साली एकेक साग लावला. यंदा जुलैत त्यांवर अळी पडली. आठवडाभर कौलांवर तिच्या लेंड्यांची रिपरिप चालू होती आणि शेवटी पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. नेमके तेव्हाच आपले कर्मचारी रामा भुवड आले व "नऊही झाडे वठलेली" असे लिहून गेले. पुढे अळ्यांचे पतंग झाले, ते उडून गेले, आणि ऑगस्टअखेर साग पुन्हा पानांनी भरले. आपला कागद मात्र होता तसाच राहिला.

२. त्या कागदावरून आपण १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, झाडे तोडण्याचा आदेश काढला आहे. अर्जदाराने पुराव्यादाखल हातभर लांबीचे ताजे पान जोडले, ते "वठलेल्या झाडास पान येत नाही, सबब सदर पान अन्य झाडाचे" असा शेरा घेऊन परत आले. तीस वर्षे पेपर तपासले, पण असे उत्तर एकाही पोराने लिहिले नव्हते. भुवडांना गाठले, तर म्हणाले, "बाई, मला दिसतंय हो! कागदाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

३. पेन्शनसाठी अर्जदार दर नोव्हेंबरात स्वतःच्या हयातीचा दाखला देते. झाडांना तो कोण देतो, एवढे तरी कळवावे. नऊ प्रती भरून देते. शिवाय पौषानंतर साग आपणहून पाने टाकतो. तेव्हा पाहणीस आलात तर आपलेच खरे ठरेल, या विचाराने अर्जदाराचा नुसता संताप होतो.

४. आता शेवटचे. ओळीतला चौथा साग दीपकने लावला. पाचवीत असताना तो खाडीत बुडाला. त्याची आई सोनूबाई रोज सकाळी त्या झाडाशी येते, त्याला दीपक म्हणूनच हाक मारते. तिला वाचता येत नाही. "चौथे झाड मृत" हे तिला वाचून दाखवणे अर्जदाराच्याने होत नाही. तरी ते आपण समक्ष येऊन, झाडाखाली उभे राहून, तिला वाचून दाखवावे.

आपली, अजून तरी नम्र,

दमयंती यशवंत बने

सोबत : आदेशाची प्रत.