शेवटच्या रांगेतली खुर्ची

प्रिय खारूताई,

या नावाने तुला हाक मारायला मला सात महिने लागले, म्हणून आधी साध्या बातम्या. चर्चच्या छताची गळती अखेर थांबली. पियानोवाले आजोबा अजूनही पहिल्या गीताआधी कडाकडा बोटं मोडतात. माझा लेक पास झाला, अभ्यासाशी हाडवैर असूनही.

आणि मी अजून गाते. पण समोर उभी राहून नाही. शेवटच्या रांगेत, तुझ्या खुर्चीच्या शेजारी. एकोणीस वर्षं तुम्हा सगळ्यांची हेडमास्तरीण होऊन गायकवृंद चालवल्यावर समितीचं ते चार ओळींचं पत्र आलं, तेव्हा मी काय केलं हे तुला ठाऊक नसेल. गीतांच्या सगळ्या प्रती उचलून घरी आणल्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, अशा माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्यांवर होत्या. माझ्या जागी नेमलेल्या चिमणीने, माझ्याच हाताखाली शिकलेल्या त्या नर्सने, बसावं शोधत, असं मनात होतं. ते माझ्या रोजनिशीच्या वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून मान खाली गेली. ज्या प्रभूने आपल्याला धरून देणाऱ्या शिष्याचेही पाय धुतले, त्याची गीतं मी कपाटात कोंडली होती. चौथ्या दिवशी गठ्ठा परत नेला आणि चिमणीला विचारलं, मागे एखादी जागा आहे का. ती इतकी गडबडली की बाई, बाई करत स्वतःचीच खुर्ची देऊ लागली.

यात माझं फार कौतुक करू नकोस. नम्रपणालाही तोरा असतो. मागे बसून मी तिच्या चुका टिपत होते. एका सरावात अकरा. वहीत त्या तारीखवार आहेत. मी खरंच खाली बसले होते की खालूनच उंच बसले होते, हे मला मागच्या रविवारपर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी मंडळीच्या पन्नासाव्या वर्षाची उपासना होती. शेवटच्या गीतात मधल्या कडव्यानंतर चार मात्रा थांबायचं असतं. चिमणीने घाबरून तिसऱ्याच मात्रेला हात उचलला. आपली रांग सवयीने अजून माझ्याकडे बघते. मी थांबले असते, तर रांग थांबली असती, अर्धा वृंद पुढे आणि अर्धा मागे राहिला असता, आणि कुणावाचून अडतं ते भरल्या चर्चला दिसलं असतं. शिवाय बरोबर मीच ठरले असते. मी त्या चुकलेल्या हाताबरोबर आवाज सोडला. रांग आली, आजोबा पियानोवर धापा टाकत आले, आणि ते गीत असं उसळून उभं राहिलं की माझ्या हाताखाली एकोणीस वर्षांत कधी राहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. नंतर आजोबा एवढंच म्हणाले, आज कुणीतरी एक मात्रा गिळली, पण पचली छान.

आता खरं कारण. माझा सूर उतरतो हे समितीला तूच सांगितलंस. पत्राखाली चिटणीस म्हणून तुझी सही होती, पण मला आधीच कळलं होतं. सरावानंतर तू माझ्याकडे बघायचं सोडलं होतंस. मी चिमणीच्या मोबाइलवर जुन्या सरावांचं रेकॉर्डिंग मागून ऐकलं. उतरतो, खारूताई. तेही चांगलाच. बाकीचे तोंडदेखलं वाहवा म्हणत राहिले, खरं बोलायची छाती तुझी एकटीची. आणि ते बोलून तूच चर्च सोडलंस. माझी फक्त जागा गेली, तुझं तर घरच गेलं. तुझ्या खुर्चीवर मी दर रविवारी पर्स ठेवते; लोक चिडवतात की या बाईंची पर्सही खालच्या पट्टीत आल्टो गाते. या रविवारी ये आणि ती उचल. माझा सूर उतरला की कोपराने ढोसायला शेजारी कुणीतरी हवं, आणि तुझ्याइतकं टोकदार कोपर मंडळीत दुसरं नाही.

तुझीच,
पायउतार झालेली हेडमास्तरीण