दोन इंजिनं आणि एक भाचा

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे यातला साष्टांग तूर्त मनातल्या मनात). तुमचं ब्लडप्रेशर आवाक्यात असेल आणि मामींनी तुमचं मीठ तोडलं असेल, अशी आशा आहे.

पत्रास कारण की, एका इंजिनाच्या विमानाचा परवाना होताच, आता दोन इंजिनांचा काढायला घेतला. लोकांना वाटतं, दुसरं इंजिन म्हणजे दुप्पट निर्धास्ती. प्रत्यक्षात सगळं शिक्षण एवढंच, की दोनातलं एक बंद पडलं तर काय करायचं. विमान मेलेल्या इंजिनाकडे वळतं, ते सरळ ठेवायला एका पायाने पेडल दाबावं लागतं, आणि जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन गेलं समजून ते पुरतं बंद करायचं. महिनाभर मी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरवर हेच केलं. बायको समोर शेंगा सोलत बसायची आणि मनात येईल तेव्हा बटण दाबून माझं एखादं इंजिन पाडायची (संसारात हा अधिकार तिला आधीपासूनच आहे). अडलं की मी सगळं थांबवून पुस्तक बघायचो. त्यामुळे माझी तयारी उत्तम आहे असं माझं मत झालं, आणि ते मी ऑफिसात सगळ्यांना कळवलंही.

मग प्रशिक्षण केंद्रातल्या खऱ्या सिम्युलेटरमध्ये बसलो. खरी खुर्ची, खरी पेडलं, बाहेर खोटं आकाश. उडताक्षणी उजवं इंजिन गेलं. डावा पाय दाबला, उजवा रिकामा, सगळं बरोबर. आणि मी तडफेने डावं इंजिन बंद केलं. मागे बसलेल्या शिक्षिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "चला, आता दोन्ही बाजू समान झाल्या." मी थांबवायचं बटण शोधत होतो आणि समोरचं शेत मोठं होत होतं. मामा, मेलो खोटा, पण ओरडलो खरा.

असा पाच वेळा मेलो. शेवटी बाई म्हणाल्या, "उजवा हात मांडीखाली घ्या. पाय काय सांगतोय ते आधी मोठ्यानं बोला, मग हात काढा." सहाव्या वेळी वाचलो. गुरुवारी खऱ्या विमानात परीक्षा झाली. परीक्षकांनी हळूच एक इंजिन मंदावलं, तसा मी हातावर बसलो.

"हाताला काही झालंय का?"

"नाही सर, तो जरा आगाऊ आहे."

त्यांनी सही केली, पण माझ्याशी हात मिळवला नाही.

आपला भाचा (यापुढे दोन इंजिनी)

ता. क. : पहिली प्रवासी म्हणून आई बसणार म्हणते. तिला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणताना ते डावं इंजिन आठवतं. तुमची बहीण फक्त तुमचं ऐकते. उंचीवर कान दुखतात, असं काहीतरी सांगा. माझं नाव येऊ देऊ नका.

दुसरा ता. क. : पाकीट टपालात टाकायला आईकडे दिलं, तिने उघडून वाचलं. तिचे कान ठणठणीत आहेत असं तिने लिहायला सांगितलंय. मागची सीट तुमच्यासाठी धरली आहे. रविवारी सकाळी आठला या.